कावळा, आड आणि गाळलेला नाला

मंठा तालुक्यातल्या एका गावात मला 'दगडवाले शेठ' म्हणतात. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथे मला अजून चहा मिळतो आणि तो मिळत राहावा अशी इच्छा आहे. शेठ तर मी कधीच नव्हतो. जालन्यात लाऊडस्पीकर भाड्याने देण्यापासून सुरुवात केली, मग लग्नाचं शूटिंग, मग प्रचाराच्या गाड्या, आणि पंचावन्नी उलटल्यावर लहान मुलांच्या गोष्टी. या सगळ्या उद्योगांत माझं भांडवल एकच होतं. समोरच्याने दहा म्हटलं की मी पाच म्हणायचो, आणि सातवर त्याला वाटायचं की तोच जिंकला. या अंकाच्या संपादकांनी दीड हजार शब्द सांगितले होते. मी अडीच म्हणालो. दोन हजारांवर जमलं.

धंदा काय होता ते आधी सांगतो. एका संस्थेला जिल्ह्यातल्या शाळांमधून जुन्या गोष्टी नव्या तऱ्हेने दाखवायच्या होत्या. कावळा आणि घागर, चिमणीचं घर आणि कावळ्याचं घर, ससा आणि कासव, अशा आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेल्या गोष्टी. फक्त त्या आता ऐकायच्या नाहीत, खेळायच्या. दाराएवढा टचस्क्रीन गाडीतून उतरवायचा, वर्गात उभा करायचा, खिडक्यांना गोणपाट लावून अंधार करायचा. मुलाने बोट लावलं की चिमणी उडते. बोट सरकवलं की झाड वाढतं. चुकलं की झाड वाळतं आणि एक बाई रडक्या आवाजात 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणते. गोष्ट संपली की मुलांनी खरोखर काही करायचं. रोप लावायचं, प्लॅस्टिक गोळा करायचं, पाणी अडवायचं. संस्थेच्या कागदांत याला 'कृती' म्हणत. कृती झाली की फोटो, फोटो झाला की पुढची शाळा.

ऐकायला सोपं वाटतं. पण कार्यक्रम दुपारच्या खिचडीनंतर असला तर चाळीस मुलांच्या चाळीस तेलकट हातांनी पडदा इतका चोपडा व्हायचा, की कावळ्याला बोट लावलं तर कासव चालायला लागायचं. मी हात पुसायला पंचा ठेवला, तर मुलं पंचाने पडदा पुसायची आणि शर्टाला हात. राजूरकडच्या एका शाळेत उद्घाटनाला पडद्यासमोर नारळ फोडला आणि पाणी थेट एक्स्टेन्शन बोर्डावर गेलं. त्या दिवशी ससा आणि कासव दोघंही एकाच वेळी थांबले. गोष्टीच्या इतिहासात असं पहिल्यांदाच झालं असावं. परतूरकडच्या एका गुरुजींनी तर महाग वस्तू आहे म्हणून पडद्याला हार घातला आणि मुलांना चप्पल काढून, रांगेने, हात जोडून समोरून नेलं. मी म्हणालो, गुरुजी, याला हात लावायचा असतो. ते म्हणाले, आज दर्शन होऊ द्या, हात पुढच्या वर्षी लावू.

चित्रं करून द्यायची नाजनीन. जुन्या जालन्यातली. तिचे वडील माझ्या लाऊडस्पीकरच्या दिवसांपासूनचे दोस्त, म्हणून मला चाचा म्हणते. घरातल्या एका खोलीत, मागे भाऊ-बहिणींचा गोंधळ चालू असताना, ती संगणकावर चित्रं हलवायची. तिच्यासारखा कावळा मी कुठे पाहिला नाही. मान तिरकी करून असा बघायचा, की त्याची भाकरी आपणच उचलली आहे असं वाटावं. ही मुलगी दर सीनवर पैसे घ्यायची, आणि सीनवर पैसे घेणाऱ्या माणसाशी घासाघीस करायची असेल तर दर पाडायचा नसतो, सीन पाडायचे असतात. ही माझी स्वतःची शोधून काढलेली अक्कल आहे. पुढचं सगळं तिच्यामुळेच झालं.

कावळ्याच्या गोष्टीचे तिने सात सीन मांडले होते. कावळ्याला तहान लागते. घागर सापडते. तो खडे टाकतो. पाणी वर येतं, तो पितो. इथपर्यंत जुनी गोष्ट. पुढे नवी. कावळा उडत एका गावावर येतो, तिथला आड कोरडा पडत चालला आहे. कावळा आणि मुलं मिळून नाल्यात दगड रचतात, पावसाचं पाणी अडतं, जमिनीत मुरतं. शेवटच्या सीनमध्ये आडाला पाणी येतं. यातला सहावा, नाल्याचा सीन सगळ्यात अवघड. वाहतं पाणी, ते अडतंय, ते झिरपतंय, हे काढायला वेळ लागतो, म्हणून त्याचे तिने दोन सीनचे पैसे धरले होते. माझी नजर सरळ तिथेच गेली.

मी म्हणालो, नाला काढ. पाचवरून थेट सातवर जा.

"चाचा, हा सीन काढू नका. मधला नालाच गेला तर दगड कुठं जातील?"

"दगड कुठं जातील ते पोरांना कळतं. कावळ्याला कळलं, पोरांना न्हाई कळणार?"

"कावळ्याला मी कळवलं," ती म्हणाली.

मी ऐकलं नाही. ती अर्धा तास बोलत होती, मी एकच वाक्य बोलत होतो. अशा भांडणात एक वाक्यवाला जिंकतो. शेवटी तिने पाचवा आणि सातवा सीन जोडून दिला. गावावर उडणाऱ्या कावळ्याच्या चोचीतून दगड सुटतो, मध्ये एक ढग सरकतो, आणि आडातलं पाणी वर येतं. तो ढगही मी फुकट मागून घेतला होता. त्या दिवशी घरी जाताना मी गाडीत शीळ घालत होतो.

त्या गावात मी फाल्गुनात गेलो. शाळेच्या आवाराला लागून एक जुना आड, त्यावर पंप बसवलेला, आणि पंपाचं पाणी एका छोट्या टाकीतून अर्ध्या गावाला प्यायला. आडात तेव्हा कमरेइतकं पाणी होतं. मुलं पडू नयेत म्हणून तोंडावर लोखंडी जाळी घट्ट बसवलेली. जाळीचं भोक मुठीएवढं.

कार्यक्रम असा रंगला की काय सांगू. मुलं पडद्यावर दगड टाकायची, पाणी वर आलं की ओरडायची. शेवटी वर्गाच्या बाईंनी विचारलं, मग आपल्या गावाचं पाणी वाढवायला आपण काय करू? सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, दगड टाकू. बाईंनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. कृतीच्या रकान्यात मी लिहिलं, 'विद्यार्थी दगडांच्या साहाय्याने पाणी वाढवतील.' सही करून पुढच्या गावाला निघालो.

तिसऱ्या दिवशी परतूरला जाताना कृतीचा फोटो घ्यायला पुन्हा तिथे वळलो. दुसऱ्या दिवशी सकाळी परतूरला संस्थेची माणसं येणार होती. त्यांच्यासमोर कार्यक्रम झाला की तिकडच्या आठ शाळांचं काम माझं. त्या कामाच्या आशेवर मी नवीन पडदा घेतला होता, म्हणजे परतूरला पोचणं हा माझ्या दृष्टीने जीवन-मरणाचा प्रश्न होता. ग्रामपंचायतीसमोर गाडी लावली आणि मागे खडखडाट ऐकला. कोणीतरी माझ्या गाडीच्या पाठीमागे बैलगाडी आडवी लावून बैल सोडून नेत होतं.

सुमनबाई, गावच्या सरपंच, ओट्यावर बसल्या होत्या. या बाईंच्या नवऱ्याला मी आजपर्यंत पाहिलेलं नाही, कारण त्यांना नवऱ्याची गरज पडत नाही. मला म्हणाल्या, "या शेठ. तुमचीच वाट पाहून राह्यलो आम्ही. पाणी देऊ म्हटलं तर पाणी न्हाई."

मुलांनी कृती केली होती. दोन दिवस, शाळा सुटल्यावर, नव्वद मुलांनी रांग लावून, जाळीच्या भोकातून, एकेक करत आडात दगड टाकले होते. शिस्त इतकी होती की मोठ्यांना वाटलं कसलातरी शाळेचा खेळ आहे. पंपाच्या नळीच्या तळाशी पाणी ओढणारा फुटव्हॉल्व्ह दगडांत गाडला गेला. पंप चालू केला की गाळ आणि हवा. बाया आदल्या संध्याकाळपासून शिवारातल्या विहिरीवरून पाणी आणत होत्या.

मी गरम डोक्याचा माणूस आहे. मी तिथे सगळ्यांवर आवाज चढवला. मुलांची चूक, बाईंची चूक, ज्यांनी जाळीला मोठी भोकं ठेवली त्यांची चूक. यंत्र कधी चुकत नाही, असंही एक वाक्य मी बोललो. तेव्हा गर्दीतून गिरजा नावाची पाचवीतली मुलगी पुढे आली. तिला रडवेली होऊन उभं राहायला हवं होतं, पण ती माझ्याकडे नाजनीनच्या कावळ्यासारखी मान तिरकी करून बघत होती.

"पडद्यावर असंच होतं," ती म्हणाली. "आन् पाणी वर आलं हाय. चार बोटं. मी चुन्याची रेघ मारल्ती."

सगळे आडाकडे गेलो. जाळीतून वाकून बघितलं. तिने लांब काठीला चुना लावून आतल्या भिंतीवर रेघ ओढली होती, आणि पाणी खरोखर रेघेच्या वर चार बोटं होतं. मी लगेच उसळलो. म्हणालो, बघा, गोष्ट खोटी नाही, पाणी वर आलंय.

सुमनबाईंनी शांतपणे विचारलं, "वर आलं शेठ. वाढलं का?"

आयुष्यात मला कोणी इतक्या थोड्या शब्दांत गप्प केलेलं नाही. एक वाक्यवाला त्या दिवशी मी नव्हतो.

मग सौदा सुरू झाला. मी म्हणालो, माणसं लावा, मजुरी माझी. त्या म्हणाल्या, मजुरी नको, तुम्ही उतरा. मी गुडघे दाखवले. त्या म्हणाल्या, गाडी इथेच राहू द्या मग, गुडघे बरे झाले की न्या. मी रक्तदाब सांगितला, वय सांगितलं, त्यात तीन वर्षं वाढवूनही सांगितलं. शेवटी ठरलं की जाळी काढून आडात गावातले नेहमी विहिरी उपसणारे दोघं उतरतील आणि वर कप्पीवर दोर ओढायला मी. आडाच्या तळापासून आडाच्या काठापर्यंत मी स्वतःला वर आणलं होतं. मला हा सौदा फार चांगला वाटला, पहिली पंधरा टोपली वर येईपर्यंत.

त्यानंतर तळहाताला फोड आले. ते फुटले. खालच्यांनी दगडांबरोबर वर्षानुवर्षांचा गाळही टोपल्यात भरायला सुरुवात केली. उतरलोच आहोत तर करून टाकू, म्हणाले. मी वरून ओरडलो की सौद्यात गाळ नव्हता. खालून उत्तर आलं, "सौद्यात तुमी बी नव्हता शेठ, ओढा." मुलं काठावरून टोपली मोजत होती आणि माझ्या प्रत्येक ओढीला 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणत होती, त्या पडद्यातल्या बाईच्या आवाजात.

दिवस मावळायच्या आत तळ मोकळा झाला. फुटव्हॉल्व्ह धुऊन बसवला. पंपाने आधी गढूळ आणि मग स्वच्छ पाणी फेकलं. सुमनबाईंनी बैलगाडी बाजूला घ्यायला सांगितली आणि मला म्हणाल्या, जा शेठ, तुमचा आमचा हिशोब मिटला. परतूरला मी सहज पोचलो असतो.

आडाच्या शेजारी दगडांचा ढीग पडला होता, ओला, आणि मुलं त्याच्याभोवती उभी होती. त्यांचं तोंड मला बघवेना. दोन दिवस राबून त्यांनी जे केलं ते आम्ही मोठ्यांनी उपसून बाहेर टाकलं होतं. गिरजाने विचारलं, "मंग पाणी वाढतं कसं?"

मी गाडीत बसलेलो होतो, किल्ली फिरवलेली होती. त्या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं असं नाही. ते उत्तर मी काढून टाकलं होतं. मला राग आला, आणि राग आला की मी ज्याची चूक असेल त्याला फोन करतो. नाजनीनला लावला. म्हणालो, तुझ्या कावळ्याने काय करून ठेवलंय बघ. सगळं सांगितलं. ऐकून ती एवढंच म्हणाली, "चाचा, मी तुम्हाला विचारलं होतं ना, दगड कुठं जातील?"

मी किल्ली उलटी फिरवली. वाचकांना वाटेल की मी चांगुलपणाने थांबलो. तसं काही नाही. लहान मुलीने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देता उठणं म्हणजे माझ्या धंद्यात हरणं असतं, आणि एका दिवसात मी दोन बायकांकडून आधीच हरलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेमागच्या नाल्यात सहावा सीन झाला. पडदा नाही, बॅटरी नाही. कावळा मी. उन्हाळ्यात नाला कोरडाच होता. मी मुलांना सांगितलं, दगड आडात नाही, इथे टाकायचे. पाऊस आला की पाणी पळतं, त्याला इथे थांबवायचं, थांबलं की ते जमिनीत जातं, आणि जमिनीच्या आतून हळूहळू आडाकडे येतं. गिरजाने विचारलं, किती दिवसांनी? मी म्हणालो, पाऊस पडू दे, मग सांगतो. नव्वद मुलांनी पुन्हा रांग लावली. आडातले दगड पुरले नाहीत, म्हणून नाल्याच्या काठावरचे आणले. मोठे दगड मोठ्यांनी ढकलले. एका बाजूला सुमनबाई रचत होत्या, एका बाजूला फोडांवर फडकं गुंडाळून मी. दुपारपर्यंत नाल्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत कमरेएवढा दगडी बांध उभा राहिला. कामचलाऊ, पण बांध.

परतूरला माझी वाट पाहून संस्थेची माणसं चिडून मला शोधत तिथेच आली. मी धुळीत बसलेला, हातात दगड. त्यांनी मुलांच्या रांगेचे, बांधाचे, सुमनबाईंचे ढीगभर फोटो काढून घेतले आणि निघून गेले. परतूरच्या आठ शाळांचं काम दुसऱ्याला मिळालं.

आता माझी खरी तक्रार. दिवाळीच्या सुमारास संस्थेचा अहवाल आला. मुखपृष्ठावर आमचा बांध. आत पूर्ण एक पान. मुलांनी गोष्टीतून प्रेरणा घेऊन श्रमदानाने बांध घातला, गावकऱ्यांनी साथ दिली, मुख्याध्यापिकांनी मार्गदर्शन केलं. आणि शेवटच्या ओळीत, 'तांत्रिक पुरवठादाराचेही सहकार्य लाभले.' तांत्रिक पुरवठादार म्हणजे मी. माझे तळहात सोलवटले, आठ शाळा गेल्या, आणि मी पुरवठादार. संस्थेला फोन करून अर्धा तास भांडलो. फोनवरचा मुलगा अत्यंत सभ्यपणे म्हणाला, सर, पुरवठादारांची नावं न देण्याचं आमचं धोरण आहे. तीन वर्षं झाली, मी हे परतूरपासून भोकरदनपर्यंत प्रत्येक चहाच्या टपरीवर सांगितलं आहे. नाल्याचा सीन कोणी काढला होता, हे मात्र आज पहिल्यांदा लिहितोय.

त्याच दिवाळीनंतर मी नाजनीनकडे गेलो आणि सहावा सीन करून मागितला. तिने जे पैसे म्हटले ते मी घासाघीस न करता दिले. तिने दोनदा विचारलं की तब्येत ठीक आहे ना. सीन सुंदर झाला. पाणी येतं, अडतं, थबकतं, आणि जमिनीत असं उतरतं की बघणाऱ्यालाच तहान भागल्यासारखं वाटतं.

पडदा घेऊन स्वतःच्या खर्चाने मी त्या गावात गेलो. आधी नाल्यावर गेलो. बांधामागे पाणी साचलेलं होतं, त्यात म्हशी बसल्या होत्या. आडालाही पाणी होतं. ते बांधाने आलं, गाळ काढल्याने आलं, की नुसत्या पावसाने, हे मला सांगता येणार नाही. सुमनबाई म्हणतात तिन्हीने, आणि शेठने दोर ओढल्याने तर बिलकुल नाही.

मग वर्गात अंधार केला आणि गोष्ट लावली. सहावा सीन आला. पडद्यावरचा कावळा ऐटीत उडत आला आणि नाल्यात दगड ठेवायला लागला. मी मागे उभा राहून मुलांचे चेहरे बघत होतो, टाळ्यांची वाट बघत होतो. गिरजा आता सहावीत होती. ती उठून पडद्याजवळ गेली आणि बोट लावून कावळ्याला थांबवलं.

"हे असं बसवत न्हाईत," ती म्हणाली. "बारके खाली ठेवले त्यानं. तुमी बी तसंच केल्तं. तुमच्या बाजूचा बांध पहिल्याच पुरात वाहून गेल्ता."

मी शेजारी उभ्या असलेल्या सुमनबाईंकडे बघितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला होता.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय, आमीच परत बसवला. मोठे खाली, बारके फटीत. वरून थोडा उतार ठेवला." ती पडद्यावर हाताने दाखवत होती आणि बिचारा कावळा तिच्या बोटाखाली एकच दगड घेऊन घिरट्या घालत होता. "याला येत न्हाई. याला शिकवा."

मी वर्गाबाहेर आलो आणि नाजनीनला फोन लावला. म्हणालो, नाल्याच्या सीनला एक सीन अजून जोडायचा आहे. दगड कसे बसवायचे ते. मोठे खाली, बारके फटीत. जेवढे पैसे म्हणशील तेवढे, पण एकही सीन कमी नको.

पलीकडे तिने फोन कानापासून काढून नंबर पुन्हा बघितला असावा. मागे तिच्या भाऊ-बहिणींचा गोंधळ ऐकू येत होता.

"नंबर तर चाचाचा हाय," ती म्हणाली. "पण कोण बोलून राह्यलं?"

मी म्हणालो, "तांत्रिक पुरवठादार."